हायडनची 'सकाळ', शहापुरात घेतलेली जुनी सीडी – चार स्टार

जुन्या सीडीत हायडन ह्या अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या 6, 7 आणि 8 नंबरच्या सिंफनी (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना) एकत्र मिळाल्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी नावं, दीडशे रुपयात काय वाईट नाही बघा. 1761 साली हायडन एस्टरहाझी सरदारांकडे नवीन नोकरीला लागला आणि लगेच ह्या लिहिल्या, वय 29. नवीन ऑर्केस्ट्रातल्या एकेकाला सोलो देऊन सगळ्यांना खूश केलंय, हुशार माणूस.

माझी आवडती 'सकाळ'च. सुरवातीला व्हायोलिन हळू हळू चढतात, सूर्य वर आल्यासारखं, पण मिनिटभरात सूर्योदय खल्लास आणि बासरी पळायला लागते, आपल्याला भैरवचा निवांत आलाप ऐकायची सवय म्हणून पहिल्यांदा घाई वाटते. पुढं एक गंमत हाय, बासरीनं परत यायच्या जरा आधीच हॉर्नवाला तीच धून वाजवून टाकतो, वाटतंय चुकला की काय हा, पण तसंच लिहिलंय! बेथोव्हननं त्याच्या तिसऱ्या सिंफनीत, एरोइकात, अशीच खोडी काढलीय ती चाळीसेक वर्षांनी. मिन्युएट म्हणजे नाचाच्या चालीचा भाग, त्याच्या मधल्या तुकड्यात बसून (bassoon, खर्जातलं फुंकायचं वाद्य) आणि डबल बास (व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यात खर्जातलं वाद्य) ऐका, हेडफोन लावूनच, मोबाईलच्या स्पीकरवर बास गायबच होतोय. आई म्हणाली काय ऐकूलास रे, पण 'संध्याकाळ'मधलं शेवटचं वादळ लागल्यावर आवाज वाढव म्हणाली.

'दुपार' मला जरा लांबलेली वाटली. एक स्टार कापला तो पुस्तिकेसाठी, सगळी जर्मनमध्ये, आणि केस तडकलेली.