लोपेझ दे एरेदिया घराण्याची वाइन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्पेनमधल्या बिल्बाओहून दक्षिणेला गाडीने तासाभरात आरो हे रिओखा प्रांतातील गाव येते आणि तिथल्या रेल्वे स्थानकाच्या परिसरातच लोपेझ दे एरेदिया घराण्याची वाइनरी आहे. गेल्या हिवाळ्यापासून आमच्या घरी याच घराण्याच्या बाटल्या आलटूनपालटून उघडल्या जात आहेत: लाल वाइनमध्ये कुबियो, बोस्कोनिया आणि तोन्दोनिया, पांढऱ्यात ग्राबोनिया आणि तोन्दोनिया. ही वाइन उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी बदललेली असते, थंडीत एक लागते आणि उन्हाळ्यात दुसरी, त्यामुळे काही महिने जाऊ दिल्यावरच लिहायला घेतले. माझे मत आधीच सांगते: आज बाजारात मिळणाऱ्या वाइनमध्ये इतक्या संयमाने तयार झालेली वाइन या किमतीत फारशी सापडत नाही, आणि हा संयम केवळ घराणे एकसंध राहिल्यामुळे शक्य झाला आहे.

हे म्हणण्यामागे साधा हिशेब आहे. रिओखाच्या नियमानुसार ‘रेसेर्वा’ हा शिक्का मिळवण्यासाठी लाल वाइन किमान तीन वर्षे मुरावी लागते आणि त्यातले किमान एक वर्ष ओकच्या पिंपात जावे लागते. तोन्दोनियाची लाल रेसेर्वा मात्र जवळपास सहा वर्षे पिंपात राहते, मग बाटलीत आणखी काही वर्षे तळघरात पडून असते, आणि निवडक सालांची ‘ग्रान रेसेर्वा’ तर सुमारे वीस वर्षांनी विक्रीला येते. तोपर्यंत मजुरी, लाकूड, बाटल्या आणि तळघर या सगळ्यात गुंतलेला पैसा परत येत नाही. भागधारकांना दर तिमाहीला उत्तर देणाऱ्या कंपनीला हे परवडणार नाही. इथे १८७७ साली डॉन राफाएल यांनी सुरू केलेला व्यवसाय आता चौथ्या पिढीकडे, मारिया होसे, मेर्सेदेस आणि हुलिओ सेसार या भावंडांकडे आहे, आणि ग्रान रेसेर्वाच्या ज्या बाटल्या त्यांनी विकल्या त्यांतल्या कित्येक त्यांचे वडील पेद्रो यांच्या काळात भरलेल्या होत्या. सगळी द्राक्षे घरच्या बागांतली असतात, पिंपे घरच्याच कारखान्यात अमेरिकन ओकपासून बनतात, आणि वाइन स्वच्छ करण्यासाठी आजही अंड्याचा पांढरा बलक वापरला जातो. एवढे मात्र सांगायला हवे की घराणे एक असले तरी बागा अगदी लहान नाहीत. वाइनला जिचे नाव आहे ती एकटी तोन्दोनिया बागच सुमारे १०० हेक्टरची आहे.

माझे माहेर निफाड तालुक्यातले असल्यामुळे बाग पाहण्याची ओढ अधिक होती. आपल्याकडे मांडवावर चढवलेली वेल, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढणी असे चक्र अंगवळणी पडलेले असते. एब्रो नदीच्या वळणात वसलेल्या तोन्दोनियात तारा नाहीत, मांडव नाही. गुडघ्याएवढी बुटकी, जाड खोडाची झुडपे खडीमिश्रित जमिनीत एकेकटी उभी असतात आणि हिवाळ्यात त्यांच्यावर पानही नसते. वर्षातून एकच पीक, तेही सप्टेंबर-ऑक्टोबरात. १८९९ मध्ये फिलॉक्सेरा ही कीड रिओखात पोहोचली आणि बागा उजाड झाल्या. त्यानंतर, १९१३-१४ च्या सुमारास, ही बाग लावली गेली. ती पाहिल्यावर ग्लासातल्या वाइनची चव अधिक कळते, असे मी ठामपणे म्हणेन. वाइनरीच्या दारात झाहा हदीद यांनी रचलेला, डिकँटरच्या (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईच्या) आकाराचा चकचकीत मंडप आहे आणि त्याच्या आत १९१० च्या ब्रुसेल्स प्रदर्शनातला घराण्याचा जुना लाकडी स्टॉल जपून ठेवला आहे. मला त्यातला स्टॉलच जास्त आवडला.

आता लाल वाइनविषयी. तोन्दोनिया रेसेर्वाचे २०१२ चे साल आमच्याकडे होते. ग्लास तिरका धरला की कडेला विटकरी रंग दिसतो आणि मध्यभागही इतका विरळ असतो की पलीकडची बोटे दिसतात. गडद, दाट वाइनची सवय असलेल्या पाहुण्यांना ती आधी पाणीदार वाटते. पण वासात सुकलेली चेरी, तंबाखूचे पान आणि संत्र्याची साल एकामागून एक येतात, आणि घोट गिळल्यावर राहणारा आंबटपणा इतका ताजा असतो की दशकभराचे वय खरे वाटत नाही. पिंपात एवढी वर्षे काढूनही व्हॅनिलाचा गोडसर वास अंगावर येत नाही, कारण पिंपे वर्षानुवर्षे वापरलेली असतात. गाळ तळाशी बसतो, म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि शेवटचा घोट-दोन घोट सोडून द्यावा. कुबियो ही तरुण आणि स्वस्त; रोजच्या जेवणासाठी तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही. बोस्कोनिया तोन्दोनियापेक्षा थोडी भरीव आहे, आणि माझी निवड विचाराल तर तीच.

पांढरी वाइन हा या घराण्याचा खरा कस आहे आणि इथेच मतभेद होतात. नाशिकची ताजी, फळांच्या वासाची सोव्हिन्यों ब्लांक किंवा शेनिन ब्लांक मनात धरून ग्राबोनिया उघडली, तर वाइन बिघडली असेच वाटेल. व्हिउरा या द्राक्षाची ही वाइन सुमारे चार वर्षे पिंपात काढते. तिचा रंग जुन्या सोन्याकडे झुकतो आणि वास अक्रोड, मेण आणि वाळलेल्या कॅमोमाइलचा येतो. गोडवा नावालाही नसतो. ४-५ अंशांच्या फ्रिजमधून थेट ओतलेल्या वाइनला आम्ही घड्याळ लावून पाहिले: पहिली दहा मिनिटे फक्त आंबट आणि किंचित खारट, साधारण १२ अंशांवर येताच मधाच्या पोळ्याचा वास, आणि त्यानंतर एक जाडसर, जिभेवर रेंगाळणारा पोत. बूच लावून ठेवलेली उरलेली अर्धी बाटली दुसऱ्या संध्याकाळी अधिक चांगली लागली. पांढरी वाइन उघडल्यावर लगेच संपवावी लागते, हा समज इथे पूर्णपणे बाजूला ठेवावा लागतो.

जेवणाच्या बाबतीत आमच्या स्वयंपाकघराचा अनुभव असा की पांढरी वाइन मराठी जेवणाशी लालपेक्षा फार चांगली जुळते. तळलेली सुरमई, ओल्या नारळाच्या वाटणातली कोळंबी, इतकेच काय तर बटाट्याच्या पिवळ्या भाजीबरोबरही ग्राबोनिया शोभते, कारण तिचा आंबटपणा तेल आणि नारळ दोन्ही पेलतो. लाल वाइन तांबड्या रश्श्याबरोबर देऊ नये. तिखटाने तिचा तुरटपणा कडवट होतो आणि दोन्हींची चव जाते. तिच्यासाठी रिओखातल्या लोकांचीच रीत बरी: द्राक्षवेलीच्या सुक्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या, वर फक्त जाड मीठ.

तक्रारी करायच्या तर किमतीविषयी. जगभरातून मागणी वाढली तसा तोन्दोनियाचा भाव गेल्या काही वर्षांत बराच चढला आहे, आणि पांढरी किंवा रोझे (गुलाबी) ग्रान रेसेर्वा तर आता संग्राहकांच्या हाती गेल्यासारखी आहे. ज्यांना ती जेवणाबरोबर प्यायची आहे त्यांच्यासाठी हे दुःखदच आहे. दुकानही पारखून घ्यावे. शहरातल्या एका दुकानात या बाटल्या दर्शनी काचेत उन्हात उभ्या मांडलेल्या असत, आणि तिथून आणलेली बाटली निस्तेज निघाली. इतकी वर्षे तळघराच्या अंधारात राहिलेल्या वाइनला प्रकाश आणि उष्णता लवकर बाधतात.

भारतात नेण्याविषयी अनेक जण विचारतात, म्हणून लिहिते. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय नेता येते, म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या. सामानात नीट गुंडाळून ठेवाव्यात, पोहोचल्यावर आठवडा-दोन आठवडे घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या ठेवून मगच उघडाव्यात आणि पुण्या-नाशिकचा उन्हाळा मात्र त्यांना दाखवू नये. दोनच न्यायच्या असतील तर एक बोस्कोनिया आणि एक ग्राबोनिया न्यावी.