द डाउनबॅलटचा पोटनिवडणूक तक्ता: स्विंग बरोबर मोजतो, अर्थ आपला आपण लावायचा

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातली जागा मध्येच रिकामी झाली तर ती नेमणुकीनं भरता येत नाही. राज्यघटनेनुसार गव्हर्नरला पोटनिवडणूक लावावीच लागते. सिनेटसाठी सतराव्या घटनादुरुस्तीनं तात्पुरत्या नेमणुकीची मुभा दिली आहे, आणि राज्य विधिमंडळांचे नियम राज्यागणिक वेगळे. त्यामुळे वर्षभर कुठे ना कुठे मतदान चालूच असतं आणि प्रत्येक निकालातून वाहिन्यांना नोव्हेंबरमधल्या मोठ्या निवडणुकीची चाहूल लागते. ही चाहूल आकड्यात पकडायची असेल तर सध्या सगळ्यात कामाचं साधन म्हणजे द डाउनबॅलटचा पोटनिवडणूक तक्ता. डेली कॉस या डेमोक्रॅट्सकडे झुकलेल्या संकेतस्थळाच्या निवडणूक विभागानं तो सुरू केला. २०२४ मध्ये हा विभाग द डाउनबॅलट या नावानं स्वतंत्र झाला. तक्ता फुकट आहे आणि साध्या गूगल शीटवर आहे.

एका जागेला एक ओळ. तारीख, जागा, निकालातला फरक, त्याच जागेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पडलेला फरक, आणि या दोहोंची वजाबाकी म्हणजे स्विंग. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेहनत चौथ्या रकान्यात आहे. अमेरिकेत अध्यक्षपदाची मतं काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) जाहीर होतात, आणि मतदारसंघांच्या सीमा काउंट्या सरळ कापत जातात. मग प्रीसिंक्टनिहाय (प्रीसिंक्ट म्हणजे मतदानाचा सगळ्यात छोटा विभाग) निकाल गोळा करून, कुठला प्रीसिंक्ट कुठल्या मतदारसंघात ते जुळवून, बेरीज करावी लागते. राज्य विधिमंडळाच्या छोट्या जागांसाठी हे काम विशेष किचकट. ही मंडळी ते वर्षानुवर्षं नेमानं करत आली आहेत, आणि या तक्त्याची किंमत तिथेच आहे. बाकीची वजाबाकी कुणीही करेल.

हिशोब करताना चिन्हं सांभाळा. डेमोक्रॅट पुढे असेल तर अधिक, रिपब्लिकन पुढे असेल तर उणे. मार्च २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या १८व्या मतदारसंघात कॉनर लॅम्ब जेमतेम ०.३ टक्क्यानं जिंकले. २०१६ मध्ये तिथे ट्रम्प साधारण २० टक्क्यांनी पुढे होते. म्हणजे अधिक ०.३ वजा उणे २०, स्विंग अधिक २०. आता जून २०२४ मधली ओहायोच्या ६व्या मतदारसंघाची ओळ बघा. रिपब्लिकन मायकल रुली ९ टक्क्यांनी जिंकले, आणि २०२० मध्ये तिथे ट्रम्प २९ टक्क्यांनी पुढे होते. स्विंग पुन्हा अधिक २०.

दोन्ही ओळींत आकडा तोच, पण पुढे घडलं ते अगदी उलट. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट्सनी प्रतिनिधिगृहात निव्वळ ४० जागा वाढवल्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ट्रम्प अध्यक्षपद जिंकले, ओहायो तर ११ टक्क्यांनी. ओहायोच्या त्या ६व्या मतदारसंघात तर जूनमधलेच दोन उमेदवार पुन्हा समोरासमोर होते. मतदान पाचपटीहून जास्त झालं आणि रुलींना दोन-तृतीयांश मतं पडली. पाच महिन्यांत मतदारांनी मनं बदलली असं समजायचं कारण नाही. जूनमध्ये जे आलेच नव्हते ते नोव्हेंबरमध्ये आले, एवढंच.

तक्ता नेमकं काय मोजतो ते इथे कळतं. कुठलाही गाजावाजा नसताना, भलत्याच महिन्यातल्या मंगळवारी मतदान केंद्रावर जाण्याइतका उत्साह कुणाच्या मतदारांत आहे, तो हे मोजतो. गेल्या दशकात पदवीधर, नेमानं मतदान करणारा वर्ग डेमोक्रॅट्सकडे सरकला, आणि क्वचित मतदान करणारा मोठा वर्ग ट्रम्प यांच्याकडे. म्हणून मतदान जितकं कमी, तितका डेमोक्रॅट्सचा आकडा फुगतो. मध्यावधी निवडणुकीत (अध्यक्षांच्या चार वर्षांच्या मधोमध होणाऱ्या) मतदान अध्यक्षीय वर्षापेक्षा बरंच कमी असतं, त्यामुळे तिथे या तक्त्याचा इशारा बऱ्यापैकी लागू पडतो. अध्यक्षीय वर्षात तोच तक्ता फसवतो. २०२३-२४ मध्ये डेमोक्रॅट्सचे पोटनिवडणुकीतले निकाल चांगले होते. त्यावरून नोव्हेंबरचं भाकीत करणारे तोंडावर पडले.

हे गणित कायमचंही नाही. २०१० मध्ये कमी मतदानाचा फायदा रिपब्लिकनांना होता. जानेवारीत मॅसॅच्युसेट्समध्ये स्कॉट ब्राउन सिनेटची जागा ५ टक्क्यांनी जिंकले. ओबामांनी ते राज्य २६ टक्क्यांनी घेतलं होतं. पण मे महिन्यात पेनसिल्व्हेनियाच्या १२व्या मतदारसंघात डेमोक्रॅट मार्क क्रिट्झ जिंकले, आणि लाट ओसरली असं लगेच बोललं जाऊ लागलं. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकनांनी ६३ जागा वाढवल्या. सुटी ओळ घेऊन भाकीत करायला बसलात तर असं होतं.

दुसरी मेख आधाराची. वजाबाकी कुठल्या अध्यक्षीय निकालातून करायची? जॉर्जियाचा ६वा मतदारसंघ हे याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. जून २०१७ च्या दुसऱ्या फेरीच्या मतदानात डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ साडेतीन टक्क्यांनी हरले. २०१६ चा आधार धरला, म्हणजे ट्रम्प दीड टक्क्यानं पुढे, तर स्विंग उणे दोन, डेमोक्रॅट्सची पीछेहाट. २०१२ चा धरला, म्हणजे रिपब्लिकन उमेदवार रोम्नी २३ टक्क्यांनी पुढे, तर स्विंग अधिक २०. निकाल एक, निष्कर्ष दोन. पुढच्या वर्षी लूसी मॅकबाथ यांनी ही जागा एका टक्क्यानं डेमोक्रॅट्सकडे आणली, म्हणजे तिथे २०१६ चा आधारच वास्तवाच्या जवळ होता. फाइव्हथर्टीएट हे निवडणूक आकडेवारीचं संकेतस्थळ (मार्च २०२५ मध्ये बंद पडलं) मिश्र आधार वापरायचं: निम्मं वजन ताज्या अध्यक्षीय निकालाला, पाव आधीच्या अध्यक्षीय निकालाला, पाव राज्य विधिमंडळाच्या मतांना. त्यानं असे झटके सौम्य होतात, पण झपाट्यानं बदलणाऱ्या उपनगरी जागांत जुनं ओझं उगाच डोक्यावर राहतं. डाउनबॅलटची साधी पद्धत त्यापेक्षा पारदर्शक वाटते, कारण वजाबाकी डोळ्यांसमोर असते आणि आधार पटला नाही तर बदलता येतो.

तिसरी गोष्ट तारखेची. पूर्ण वर्षाची सरासरी काढणं ही सगळ्यात सामान्य चूक. १४ जून २०२२ ला टेक्ससच्या ३४व्या मतदारसंघात रिपब्लिकन मायरा फ्लोरेस यांनी डेमोक्रॅट्सची जागा हिसकावली. २४ जूनला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा सर्वोच्च न्यायालयाचा डॉब्स निकाल आला. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या १९व्या मतदारसंघात डेमोक्रॅट पॅट रायन दोनेक टक्क्यांनी जिंकले; बायडन तिथे दीड टक्क्यानं पुढे होते, त्यामुळे स्विंग जवळपास शून्य. पण सत्ताधारी पक्षानं मध्यावधीच्या वर्षी शून्यावर टिकणं हीच बातमी होती. नोव्हेंबरमध्ये ज्या लाटेची हाकाटी होती ती आलीच नाही; रिपब्लिकन २२२, डेमोक्रॅट २१३. २४ जूनच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी वेगळ्या केल्या असत्या तर हे आधीच दिसलं असतं.

सीमा बदलल्या की आणखी गोंधळ. न्यूयॉर्कची ती पोटनिवडणूक जुन्या नकाशावर झाली. नोव्हेंबरमध्ये रायन नव्या १८व्या मतदारसंघातून जिंकले, आणि त्यांच्याकडून हरलेले मार्क मोलिनारो नव्या १९व्यातून! २०२५ मध्ये टेक्सस आणि कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी दशकाच्या मध्येच नकाशे बदलले, म्हणून २०२६ च्या मध्यावधीसाठी स्विंग थेट एखाद्या जागेला चिकटवू नका. तो देशाच्या मूडपुरताच वापरा.

२०२५ च्या ओळी वाचताना हे सगळं हाताशी ठेवावं. फ्लोरिडाच्या १ल्या मतदारसंघात (एप्रिल) रिपब्लिकन साडेचौदा टक्क्यांनी जिंकले, ट्रम्प तिथे ३७ नं पुढे होते. ६व्यात विजय १४ चा, ट्रम्प ३० चे. डिसेंबरमध्ये टेनेसीच्या ७व्यात विजय ९ चा, ट्रम्प २२ चे. बातम्यांत तिन्ही ठिकाणी 'जागा राखली'. तक्त्यात अधिक २२, अधिक १६, अधिक १३. यातली सगळ्यात वजनदार ओळ शेवटची, जरी आकडा सगळ्यात लहान असला तरी. टेनेसीत मतदान जवळपास २०२२ च्या मध्यावधीइतकं झालं, म्हणजे तो फरक फक्त उत्साही मतदारांचा नाही. उलट फ्लोरिडाच्या ६व्यात डेमोक्रॅट उमेदवारानं ९० लाखांहून जास्त डॉलर जमवले होते. एवढा पैसा नोव्हेंबरमध्ये प्रत्येक जागेला पुरणार नाही.

तेव्हा शीटची आपली प्रत काढा आणि दोन रकाने वाढवा: एकूण पडलेली मतं, आणि त्याच जागेत मागच्या मध्यावधीत पडलेली मतं. दोहोंचं गुणोत्तर निम्म्याच्या खाली असेल तर त्या ओळीवर फार विसंबू नका. ज्या लढतींत दोहोंपैकी एखाद्या पक्षाचा उमेदवारच नाही त्या वगळा. एका पक्षाचे अनेक उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतील तर पक्षनिहाय बेरीज करा. सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, कारण विधिमंडळाच्या एखाद्या चिमुकल्या जागेतला ४० टक्क्यांचा स्विंग सरासरी सहज ओढून नेतो. आणि निकालाच्या रात्रीचे आकडे कच्चे समजा. टपाली आणि तात्पुरत्या (मतदाराची पात्रता तपासायची राहिलेल्या) मतपत्रिकांची मोजणी काही राज्यांत दिवसेंदिवस चालते आणि फरक टक्क्या-दोन टक्क्यांनी हलू शकतो. राज्यानं निकाल प्रमाणित केल्यावर ओळ पुन्हा तपासा, मगच हिशोबात धरा.