जोत्याखालची ओल: पन्हळ, चर, इंजेक्शन आणि फरशीखालचा प्लॅस्टिक कागद, एका पावसाळ्यानंतर

राजापूर तालुक्यातलं आमचं घर जांभ्याचं, चिखलात बांधलेलं, वर मंगळुरी कौलं. जोतं मूळचं चांगलं तीन पायऱ्यांचं. पण अंगणात वर्षानुवर्षं माती पडत गेली, तिच्यावर पेव्हर ब्लॉक आले आणि आता जेमतेम दीड पायरी उरली आहे. त्यात काकांनी माजघरातली शेणाची जमीन काढून व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्या. दिसायला झकास. पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत मात्र भिंतीचा गिलावा गुडघ्याच्या उंचीपर्यंत फुगला, पांढरा लोणा (क्षाराची भुकटी) फुटला, आणि फणसाच्या चौकटीचा खालचा भाग बोटाने दाबला तर भुगा व्हायचा. सारवलेल्या जमिनीतून खालची ओल हळूहळू वर निघून जात होती. टाइलने ती वाट बुजवली, मग ओलीने भिंत धरली. जांभा सच्छिद्र, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं पाणी त्यात चढतं.

शिमगा आटोपल्यावर काम काढलं, मे संपायच्या आत उरकलं. आता तुळशीचं लग्नही लागलं, तेव्हा कशाचा किती उपयोग झाला ते लिहितो. थोडक्यात हवं असेल त्यांच्यासाठी: सगळ्यात स्वस्त कामाचा गुण सगळ्यात जास्त आला, आणि सगळ्यात महागाचं काय ते अजून ठरायचंय.

आधी निदान. ओल खालून येते की हवेतली, हे कळल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि निदान १६ तास तसाच ठेवायचा. खालच्या अंगाला थेंब आले तर पाणी जमिनीतून येतंय. वरचं अंग ओलं झालं तर दमट हवेने फरशीला घाम फुटतोय, आणि तिथे कुठलंही रसायन कामाचं नाही. आमच्या माजघरात खालून, ओटीवर वरून. म्हणजे एकाच घरात दोन दुखणी, आणि पाहणीला आलेल्या एजन्सीने दोन्हींवर एकच औषध लिहून दिलं होतं.

पन्हळ. आमच्याकडे पागोळ्या थेट जोत्याच्या पायाशी पडायच्या. हिशेब करून बघा: हजार चौरस फुटांच्या छपरावर १०० मिमी पाऊस पडला की नऊ हजार लिटरच्या वर पाणी होतं. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिमीच्या वर पडतो. म्हणजे पावणेतीन लाख लिटर, तेही भिंतीपासून हातभर अंतरावर. हे पाणी दुसरीकडे नेलं नाही तर बाकीचे सगळे उपाय फुकट आहेत. आम्ही पुढच्या-मागच्या दोन्ही पाखांना पन्हळ लावून पाणी पाइपाने खाली उतरवलं आणि पोफळीच्या आगराकडे सोडलं. मागे पैसे वाचवायला पीव्हीसी घेतला, पुढे पत्र्याचा. पीव्हीसीवर जुलैतच वानरांची टोळी उतरली आणि दोन ब्रॅकेट निखळले. पत्र्यावरही उतरतात, नुसता आवाज होतो. वानरं असलेल्या गावात पीव्हीसीच्या वाटेला जाऊ नये. दुसरी कटकट पातेऱ्याची, म्हणजे गळलेल्या पानांची. आंबा आणि फणस घराला लागून असतील तर उताराच्या तोंडाशी जाळी हवीच, आणि ती दर पंधरवड्याला कुणीतरी शिडी लावून साफ करायला हवी. आम्ही ठाण्यात, तेव्हा ते शेजारच्या दादांनी केलं. असं माणूस गावात नसेल तर पन्हळाचा हट्ट धरू नका, त्यापेक्षा पागोळीखाली पक्की गटार बांधा.

अंगणाचा ढाळ आणि चर. भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक काढले. जोत्याला लागून तीन फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा, ढाळ बाहेरच्या बाजूला, ५० ला १ (पन्नास इंचांना एक इंच उतार). गवंड्याने लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाणी भरलेली नळी) लावून दाखवलं तेव्हा कळलं, पूर्वीच्या ब्लॉकचा ढाळ घराकडे होता! वरच्या अंगाला डोंगर आहे, तिथून जमिनीखालून झिरपणारं पाणी अडवायला पट्ट्यापलीकडे आडवा चर खणला: फूटभर रुंद, दीड फूट खोल, तळाला भोकांचा चार इंची पाइप, भोवती खडी आणि सगळ्याला जिओटेक्स्टाइल कापडाची (पाणी सोडणारं, माती अडवणारं) गुंडाळी. कापड विसरलात तर लाल माती एका पावसात खडी भरून टाकेल. चर पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नये, पायाखालची माती निसटते. चराच्या तोंडाशी उभं राहून बघितलं, आषाढात रात्रभर पडून उघडीप झाल्यावरही दुपारपर्यंत पाइपातून अंगठ्याएवढी धार चालू होती. हे पाणी पूर्वी कुठे जात होतं ते सांगायला नको.

या दोन कामांनी जो फरक पडला तो पावसाळ्यातच दिसला. पूर्वी श्रावणात मागच्या भिंतीवर ओलीची रेघ गुडघ्याच्या वर असायची, यंदा ती वीतभर उंचीवर थांबली. तांदळाच्या पिंपाखाली बुरशी नाही. कपाटातल्या गोधड्यांना कुबट वास आहे, पण पूर्वीसारखा दारातच नाकात शिरणारा नाही.

फरशी. माजघराच्या टाइल्स उखडल्या, शेजारच्या खोलीच्या तशाच ठेवल्या, बजेट संपलं म्हणून. माजघरात माती काढून दगडी सोलिंग (दगडांचा थर), त्यावर बारीक चुरा नसलेली मोठी खडी (मोठ्या पोकळीतून पाणी वर चढत नाही, चुऱ्यातून चढतं), मग २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, जोडावर निदान सहा इंच एकमेकांवर चढवलेला, वर चार इंच काँक्रीट आणि मग फरशी. कागद अंथरल्यावर त्यावरून घमेली घेऊन चालणाऱ्यांवर नजर ठेवा, एक टोकदार खडा पुरतो. पावसात चिकटपट्टीची चाचणी पुन्हा घेतली. माजघर कोरडं, शेजारची खोली ओली. पण एवढंच करून थांबू नये, कारण अडलेली ओल कडेच्या भिंतीकडेच जाते. बाहेरचं पाणी आधी, फरशी नंतर.

इंजेक्शन. याबद्दल सगळे विचारतात. भिंतीला आडव्या रेषेत १२ मिमीची भोकं, साधारण १२० मिमी अंतरावर, पलीकडच्या अंगापासून चारेक सेंटिमीटर अलीकडे थांबणारी. त्यात पाणी झटकणारं क्रीम भरायचं, ते पसरून आडवा पडदा तयार होतो. एकसंध विटांच्या, चुन्या-सिमेंटच्या सांध्यांच्या भिंतीत हे चांगलं चालतं. चिखलात बांधलेल्या चौदा इंची जांभ्यात मात्र ड्रिल सांध्यात घातलं की चिखल ढासळतो, चिऱ्यात घातलं की आतल्या पोकळ्यांत क्रीम गडप. एक भोक चमचाभर घेऊन तुडुंब, शेजारचं अर्धी नळी पिऊन रिकामं. पोरं प्रामाणिकपणे भरत होती, पण पडदा सलग झाला असं छातीठोक कोण सांगणार? दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदात ‘बाहेरील पाण्याचा संपर्क वगळून’ अशी ओळ आहे. मग उरलं काय?

शिवाय निकाल इतक्यात लागत नाही. ठोकताळा असा की भिंतीच्या दर इंचाला सुकायला महिनाभर लागतो. चौदा इंच म्हणजे वर्षाच्या वर, आणि आपल्याकडे त्यातले चार महिने हवाच इतकी दमट की सुकणं जवळपास थांबतं. ज्या भिंतीला इंजेक्शन केलं नाही तीही पन्हळ-चरानंतर तेवढीच सुधारली आहे. खर्च मात्र पन्हळ, पट्टा आणि चर मिळून झाला त्याच्या दीडपट. आज कुणी विचारलं तर मी चिखलाच्या भिंतीसाठी इंजेक्शन सुचवणार नाही.

गिलावा जुना ठेवून वरून रंग मारू नका. त्यातले क्षार हवेतलं पाणी ओढतात, त्यामुळे ओल बंद झाली तरी पावसाळ्यात डाग उमटतात. आम्ही मीटरभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा केला. चुन्यातून भिंत सुकते, वर ऑइलपेंट लावला नाही तर. चुन्याचं काम जमणारा गवंडी शोधायला मात्र ओणी ते पाचल हिंडावं लागलं.

डीह्युमिडिफायरबद्दल, म्हणजे हवेतली ओल ओढणाऱ्या यंत्राबद्दल: कौलांच्या फटींतून वारा खेळणाऱ्या घरात तो विकतचा पाहुणा, वीज खातो आणि अख्ख्या गावची हवा सुकवत बसतो.

देवघरामागची भिंत अजून ओलीच आहे. तिथे न्हाणीचं सांडपाणी जोत्याला लागून जातं, आणि त्या पाइपाचा सांधा गळतोय असा गवंड्याला संशय आहे. शेजारच्या खोलीची फरशी आणि ते खोदकाम एकदमच फेब्रुवारीत काढायचं ठरलंय.