स्निपेट्स, व्हीट, प्रेटियर, ईएसलिंट: काही महिने रोज वापरल्यावर

कशाबद्दल लिहितोय ते आधी सांगतो. काम फ्रंट-एंडचं, म्हणजे वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागाचं, रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्टमधलं (पहिली पान छोट्या कॉम्पोनंट्समधून उभं करणारी लायब्ररी, दुसरं किमतींचे प्रकार म्हणजे टाइप लिहिता येणारं जावास्क्रिप्ट). एडिटर व्हीएस कोड, त्यात स्वतः लिहिलेले स्निपेट्स, म्हणजे लघुरूप टाइप करताच उमटणारे कोडचे तयार तुकडे. प्रोजेक्ट व्हीटवर (कोड चालवून दाखवणारं आणि शेवटी बांधून देणारं टूल), फॉरमॅटिंग प्रेटियरकडे, कोडमधल्या चुका पकडायला ईएसलिंट. हा संच आता बऱ्यापैकी जुना झालाय, त्यामुळे पहिल्या आठवड्यातलं कौतुक ओसरलंय. सेटअपला पैकीच्या पैकी गुण देईन, स्निपेट्सना निम्मे. ते निम्मे का, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

टायपिंग वाचावं म्हणून केलेले स्निपेट्स जवळपास सगळे मोडीत निघाले. कन्सोल लॉग, रिकाम्या कॉम्पोनंटचा साचा, यूजस्टेटची ओळ, असले. ऑटोकम्प्लीट ते काम करतंच, आणि एचटीएमएलसाठी एम्मेट ही लघुरूपांची सोय एडिटरमध्ये आधीपासून आहे. त्यातून प्रत्येक स्निपेटचं लघुरूप लक्षात ठेवायचं म्हणजे डोक्याला नवा ताप. घाईत बोटं सरळ पूर्ण शब्दच टाइप करून मोकळी होतात.

टिकले ते वेगळे. ज्यात एखादी अशी ओळ आहे जी लिहिली नाही तरी कोड चालतो आणि म्हणूनच हमखास राहून जाते, ते स्निपेट्स रोज लागतात. सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या फेचचंच घ्या. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० हा एररचा कोड पाठवला तरी फेचचं प्रॉमिस (पुढे येणाऱ्या उत्तराची हमी) रिजेक्ट होत नाही, म्हणजे विनंती फसली असं धरलं जात नाही. नेटवर्कच तुटलं, सीओआरएसने (दुसऱ्या साइटकडे जाणाऱ्या विनंत्यांवरच्या ब्राउझरच्या बंधनाने) अडवलं किंवा विनंती रद्द केली, असं काही झालं तरच होतं. म्हणजे रिस्पॉन्सचं 'ओके' तपासून आपण स्वतः एरर फेकली नाही, तर एररचं पान यशस्वी उत्तर म्हणून पुढे जातं. माझ्या स्निपेटमध्ये ती तपासणी आहे, शिवाय विनंती रद्द करणाऱ्या अबॉर्टकंट्रोलरचा सिग्नल आणि यूजइफेक्टच्या (कॉम्पोनंट दिसल्यावर चालणाऱ्या कोडच्या) क्लीनअपमध्ये अबॉर्टचा कॉलही आहे. स्ट्रिक्ट मोडमध्ये (चुका उघड करणाऱ्या जादा तपासणीत) डेव्हलपमेंटच्या वेळी रिअ‍ॅक्ट इफेक्ट एकदा जास्तीचा चालवतं, तेव्हा पहिली विनंती रद्द होऊन अबॉर्टएरर येते. ती गिळायची आणि बाकीच्या एरर दाखवायच्या, एवढी एक अट कॅचमध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) हवी. हे सगळं दर वेळी आठवून लिहायला माझी ना नाही, पण दर वेळी आठवत नाही.

सीएसएसमध्येही, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्येही, तेच. कार्डांच्या ग्रिडसाठी जागेनुसार रकाने पाडणारं ऑटो-फिट आणि रकान्याची किमान-कमाल रुंदी ठरवणारं मिनमॅक्स सगळेच वापरतात. मात्र मिनमॅक्सच्या पहिल्या जागी नुसते २० रेम (मूळ अक्षराच्या आकारावर बेतलेलं माप) लिहिले, तर त्याहून अरुंद जागेत कार्ड बाहेर डोकावतं आणि पान आडवं सरकायला लागतं. तिथे मिन फंक्शन घालून '२० रेम किंवा १०० टक्के, जे लहान असेल ते' असं लिहिलं की मीडिया क्वेरीशिवाय (रुंदीप्रमाणे वेगळे नियम न लिहिता) प्रश्न मिटतो. किमान, मधली आणि कमाल किंमत घेणाऱ्या क्लॅम्पने अक्षरांचा आकार लवचिक करताना मधल्या किमतीत फक्त व्हीडब्ल्यू (खिडकीच्या रुंदीचे टक्के) ठेवलं, तर ब्राउझरमध्ये झूम करूनही अक्षरं हवी तशी मोठी होत नाहीत. म्हणून तिथे रेम अधिक व्हीडब्ल्यू अशी बेरीज लागते. आयफोनच्या सफारीत इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर त्यावर बोट ठेवताच पान आपोआप झूम होतं. ती ओळही फॉर्मच्या स्निपेटमध्ये आहे. मोबाइलवर १०० व्हीएच (खिडकीच्या उंचीचे टक्के) उंची दिली की अ‍ॅड्रेस बारमुळे खालचं बटण झाकलं जातं, तिथे डीव्हीएच, जे प्रत्यक्ष दिसणाऱ्या उंचीप्रमाणे बदलतं.

आणि माझा सगळ्यात लाडका, एका ओळीचा: सगळ्या एलिमेंट्सना १ पिक्सेलची लाल आउटलाइन. पान नेमकं कुठून आडवं वाढतंय हे लगेच दिसतं. बॉर्डर देऊ नका. बॉर्डर जागा घेते, लेआउट हलतो आणि शोधायची गोष्टच बदलून जाते.

स्निपेट लिहिण्याचं तंत्र सोपं आहे, फक्त जेसॉन या डेटाच्या मांडणीत लिहायचं असल्यामुळे कंटाळवाणं. प्रत्येक ओळ अवतरणात, आणि टेम्प्लेट लिटरलमधलं (किमती भरता येणाऱ्या मजकुरातलं) डॉलर चिन्ह स्निपेटला टॅबस्टॉप (टॅब दाबल्यावर कर्सर थांबण्याची जागा) वाटू नये म्हणून त्याआधी दोन बॅकस्लॅश. मोठा स्निपेट असा लिहिणं म्हणजे शिक्षाच. त्याच्या बदल्यात मिळतं ते मात्र छान: डॉलर-एक, डॉलर-दोन असे थांबे, डॉलर-शून्यला शेवटचा कर्सर, उभ्या रेघांमध्ये दिलेले पर्याय, आणि फाइलच्या नावावरून कॉम्पोनंटचं नाव आपोआप भरणारं व्हेरिएबल. स्निपेट्स स्वतःच्या युजर सेटिंगमध्ये न ठेवता प्रोजेक्टच्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमध्ये कोड-स्निपेट्स एक्स्टेन्शनच्या फाइलमध्ये ठेवले, की ते गिटबरोबर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) सगळ्या टीमकडे जातात. टीममध्ये काम करत असाल तर दुसरीकडे ठेवूच नका.

आता व्हीट. इव्हान यू यांनी २०२० मध्ये आणलेलं हे टूल वेगासाठी प्रसिद्ध आहे आणि तो वेग खरा आहे. डेव्ह सर्व्हर सुरू होताना सगळा कोड आधी बंडल करत, म्हणजे एकत्र बांधत, बसत नाही. ब्राउझर मागेल तसं एकेक मॉड्यूल, म्हणजे कोडची फाइल, देतो. क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप हे प्रोजेक्ट सुरू करून देणारं जुनं टूल २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झालं, तेव्हा जुन्या प्रोजेक्टवाल्यांना कधी ना कधी हा विचार करावाच लागणार.

पण या वेगाची किंमत कुठे मोजावी लागते, ते काही महिन्यांनी कळतं. व्हीट टाइपस्क्रिप्टचे टाइप तपासत नाही, नुसते काढून टाकतं. एडिटरमध्ये उघडी नसलेली फाइल तुटली तरी पान मजेत चालतं. त्यामुळे बिल्डच्या (अंतिम बांधणीच्या) आज्ञेत टीएससी (टाइपस्क्रिप्टचा कंपायलर) नो-एमिटसह, म्हणजे फाइल न बनवता फक्त तपासायला, आधी चालवायचं, हे गाळू नका. दुसरं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सना (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंग्जना) VITE_ हा उपसर्ग लागतो, नाहीतर ती कोडमध्ये पोचत नाहीत. उपसर्ग दिला की किंमत थेट बंडलमध्ये छापली जाते आणि कुणालाही वाचता येते. एपीआयची गुप्त चावी तिथे कधीच नको. तिसरं, डेव्हमध्ये चाललं म्हणजे बिल्डमध्ये चालेल असं नाही. पुढे पाठवण्याआधी बिल्ड करून व्हीटचा प्रिव्ह्यू उघडून बघायचा. तो ४१७३ पोर्टवर येतो, डेव्ह सर्व्हर ५१७३ वर. फाइलच्या नावातल्या लहान-मोठ्या लिपीचा घोळ मात्र प्रिव्ह्यूतही दिसत नाही. मॅक आणि विंडोज तो सहसा चालवून घेतात, बिल्ड सर्व्हरवरचं लिनक्स नाही.

प्रेटियरबद्दल बोलण्यासारखं कमी आहे, आणि हाच त्याचा गुण. ८० अक्षरांची मर्यादा मला तोकडी वाटते, तरी बदलली नाही, कारण बदलायला गेलं की वाद सुरू होतात आणि वाद बंद व्हावेत म्हणून तर तो आणला. जुन्या प्रोजेक्टवर पहिल्यांदा चालवताना दोन गोष्टी सांभाळा. फॉरमॅटिंगचा कमिट (गिटमधली बदलाची नोंद) एकटा ठेवा आणि त्याचा हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक, गिट ब्लेमच्या (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेच्या) इग्नोर-रेव्ह्ज फाइलमध्ये टाका, नाहीतर प्रत्येक ओळीवर त्याच कमिटचं नाव दिसेल. आणि विंडोजवरच्या सहकाऱ्यांसाठी गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये ओळीच्या शेवटाचं अदृश्य चिन्ह एलएफ असं ठरवून टाका. प्रेटियरला एलएफ हवं असतं आणि विंडोजवरचं गिट पुष्कळदा सीआरएलएफ करून देतं. मग एकही अक्षर न बदलता अख्खी फाइल चुकीची ठरते.

ईएसलिंटची पहिली बसवणी या संचातली सगळ्यात किचकट. २०२४ मध्ये आलेल्या ९ व्या आवृत्तीपासून फ्लॅट कॉन्फिग हाच सेटिंग्ज लिहिण्याचा मूळ प्रकार झाला, पण शोधलं की जुन्या ईएसलिंट-आरसी फाइलचे सल्लेच भरभरून सापडतात. नुसतं चिकटवलं तर काहीच होत नाही. सल्ल्याची तारीख बघा, फाइलचं नाव ईएसलिंट-कॉन्फिग आहे का बघा, मगच पुढे वाचा. प्रेटियरशी भांडण टाळणारं कॉन्फिग यादीत सगळ्यात शेवटी ठेवायचं. वर ठेवलं तर खालचे नियम त्यावर मात करतात. एकदा बसलं की हुक्सच्या (यूजइफेक्टसारख्या फंक्शन्सच्या) डिपेंडन्सीचा नियम एकटाच सगळ्या कष्टांची भरपाई करतो. तो नियम जागोजागी बंद करून ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही.

हे कुणी घेऊ नये? एखादं छोटं, दोन-तीन पानांचं काम एकट्याने करत असाल तर यातलं जवळपास काहीही नको. एक एचटीएमएल, एक सीएसएस, एक मॉड्यूल स्क्रिप्ट पुरते. फक्त फाइल डबल-क्लिक करून उघडू नका, ब्राउझर अशा वेळी मॉड्यूल लोड करत नाही. कुठलाही साधा लोकल सर्व्हर लावला की झालं.