निवेदन की वर्गबहिष्कार?

केस बारीकच हवेत, उशिरा आलं की मैदानाला फेऱ्या: असे नियम बदलून घ्यायचे तर मुलांपुढे बहुधा हे दोनच मार्ग.

निवेदन संथ, पण कागद उरतो. एका पानावर एकच नियम, त्याचा त्रास आणि नेमकी मागणी. केस, मोबाइल, दंड सगळं एकत्र कोंबलं की मुख्याध्यापक सोप्या मुद्द्याचं उत्तर देऊन मोकळे होतात. सह्या गोलाकार घ्या, म्हणजे पहिलं नाव कुणाचं हे कळत नाही. दोन प्रती न्या. दुसरीवर तारीख, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसेल तर 'निवेदन मिळालंच नाही' हे ऐकायची तयारी ठेवा. शिक्षेचा प्रश्न असेल तर शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 लिहा: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार केली, तर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित. हा कायदा मात्र आठवीपर्यंतचाच.

बहिष्काराची दखल त्याच दिवशी घेतली जाते. पण हजेरीपटावर 'गैरहजर' लागतं, आणि दहावीला हजेरी कमी पडली तर परीक्षेचा अर्ज अडतो. त्याऐवजी दुपारच्या सुट्टीत निषेध म्हणून व्हरांड्यात बसलं तर हजेरी बुडत नाही. असं आंदोलन फसतं ते बहुतेकदा एकाच कारणाने: आत मुख्याध्यापकांशी बोलायला कोण जाणार हे ठरलेलं नसतं, मग पुढे दिसणाऱ्या दोघांच्याच पालकांना बोलावणं जातं.

आधी निवेदन, पंधरा दिवस वाट, मगच व्हरांडा.