३५ मिलिमीटरची पिझो चकती, नवी पेठ, सोलापूर: विमानाच्या पंखावरच्या हवेसाठी घेतली आणि पसंत पडली

बझरमध्ये असते तीच पितळी चकती, वीज दिली की किंचित वाकणारी. कॉलेजच्या विंड टनेलमधल्या (मॉडेलवर वारा सोडून बघायच्या बोगद्यातल्या) विमानाच्या पंखाच्या मॉडेलसाठी नवी पेठेतल्या एका दुकानातून घेतली. काउंटरवरच्या दादांनी विचारलं, "सर, एवढे बझर कशाला?" म्हटलं, "पंखावरची हवा सुटू नये म्हणून." त्यांनी अख्खा डबाच पुढे सरकवला, "मग बघून घ्या निवांत." ही निवड करू देणं फार मोलाचं आहे, कारण डब्यातल्या सगळ्या चकत्या सारख्या नसतात. एखादीवर पांढरा सिरॅमिकचा थर मध्यापासून सरकलेला, एखादीच्या काठाचा टवका उडालेला. उजेडात तिरकी धरून बघा, बारीक चीर दिसली तर ठेवून द्या.

पंखाची पुढची कड जास्त उचलली की वरच्या बाजूची हवा पृष्ठभाग सोडते आणि उचल ढासळते, तो स्टॉल. आम्ही पंखात छोटी पोकळी करून तिच्यावर चकती बसवली आणि पुढच्या कडेजवळ बारीक फट ठेवली. एसी व्होल्टेज दिलं की चकती अगदी किंचित आत-बाहेर होते, पण सेकंदाला हजारो वेळा. फट हवा ओढते चहूबाजूंनी आणि फेकते सरळ, भोवरे करत. ना पाइप, ना कॉम्प्रेसर. पंखावर चिकटवलेले लोकरीचे धागे स्टॉलजवळ सैरभैर फडफडत होते, चकती चालू करताच फटीमागचे धागे पंखाला लागून पडले. मुलं ते परत परत चालू-बंद करून बघत होती.

तक्रार सोल्डरिंगची. वरचा चांदीचा थर इतका पातळ की आयर्न जरा रेंगाळलं की उखडतो. तारा जोडलेली मिळाली तर चार पैसे जास्त देऊन तीच घ्या. आवाजही कर्कश, कानात बोळे हवेतच. काठ घट्ट आवळला की रेझोनन्स, म्हणजे चकती सर्वात जोरात थरथरते ती फ्रिक्वेन्सी, सरकतो, तेव्हा सिग्नल जनरेटरची फ्रिक्वेन्सी फिरवून तो नव्याने शोधावा लागतो.

होटगी रोडवरून उडणाऱ्या विमानाला हा झोत पुरणार नाही. २०१५ मध्ये नासा-बोइंगने ७५७ च्या उभ्या शेपटावर झोतांची चाचणी घेतली, तेव्हा हवा एपीयूमधून, म्हणजे विमानाच्या छोट्या सहायक इंजिनातून, घेतली होती. कमी वेगाच्या मॉडेलला मात्र ही चकती झकास.

दुकानात 'सुटी चकती' म्हणूनच मागा. काळ्या डबीतल्या बझरमध्ये बऱ्याचदा आत सर्किट असतं, ते आपल्या कामाचं नाही. आणि दुपारी जा, संध्याकाळी निवडायला उसंत मिळत नाही.