आरसिंक, एफएफएमपेग, टीमक्स: व्हिडिओ बघून शिकावं की मॅन पेज वाचून?

मॅन पेज म्हणजे टर्मिनलमध्ये ‘मॅन’ आणि पुढे कमांडचं नाव लिहिलं की उघडणारी त्या कमांडची माहिती. ती वाचावी की व्हिडिओ बघावा, हे ठरवताना प्रोग्रॅम कोणता, हे आधी विचारायला हवं. टीमक्स (टर्मिनलचे भाग पाडणारा प्रोग्रॅम) किंवा व्हिम (टेक्स्ट एडिटर) असेल तर बिनधास्त व्हिडिओ बघा. कोणती कळ कधी दाबली, स्क्रीनचे दोन भाग कसे झाले, शेलमध्ये (आपण लिहिलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड कशी शोधली, हे हात चालताना दिसलं की पटकन कळतं. टीमक्सचं मॅन पेज तेवढ्या वेळात सुरुवातीच्या ऑप्शनांतच अडकवून ठेवतं.

फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकसाठी मात्र व्हिडिओवर विसंबणं धोक्याचं. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी स्लॅश असेल तर फोल्डरच्या आतल्या फाइली कॉपी होतात, नसेल तर अख्खा फोल्डर. व्हिडिओत शिकवणारा टॅब दाबतो, शेल नाव पूर्ण करताना तो स्लॅश स्वतःच लावून टाकतं आणि त्याबद्दल एक शब्दही न बोलता गाडी पुढे जाते. आता यात ‘डिलीट’ हा ऑप्शन जोडा. ‘फोटो’ हा फोल्डर स्लॅशसकट ‘बॅकअप’मध्ये पाठवला, तर ‘बॅकअप’मधलं जे जे ‘फोटो’त नाही ते सगळं उडतं, शेजारचे दुसरे फोल्डरसुद्धा. स्लॅश नसता तर पुसापुशी ‘बॅकअप’मधल्या ‘फोटो’पुरतीच राहिली असती. मॅन पेजमध्ये स्लॅशचा नियम उदाहरणासकट दिलेला आहे, आणि ‘डिलीट’च्या वर्णनातच आधी ‘ड्राय-रन’ करून बघा असंही बजावलेलं आहे. ‘ड्राय-रन’ हा ऑप्शन ‘व्ही’बरोबर (काय चाललंय ते दाखवणारा ऑप्शन) द्या: काय पुसलं जाणार याची यादी येते, पण फाइलींना धक्का लागत नाही.

व्हिडिओ-ऑडिओ कापणाऱ्या, बदलणाऱ्या एफएफएमपेगचीही तीच गत. यात ऑप्शन पुढे येणाऱ्या फाइलीला लागू होतो, म्हणून क्रम बदलला की अर्थ बदलतो. ‘एसएस’ (कुठल्या सेकंदापासून सुरू करायचं ते सांगणारा ऑप्शन) इनपुटच्या आधी लिहिला तर प्रोग्रॅम थेट त्या जागेजवळ उडी मारतो. नंतर लिहिला तर सुरुवातीपासून सगळं वाचत येतो आणि नको ते टाकून देतो, त्यामुळे लांब फाइलीला वेळ लागतो. शिवाय री-एन्कोड न करता (म्हणजे व्हिडिओ नव्याने न बनवता) ‘कॉपी’ वापरलं तर काप की-फ्रेमपासूनच (पूर्ण चित्र साठवलेली फ्रेम) सुरू होऊ शकतो, म्हणून सांगितलेल्या सेकंदाआधीचा तुकडाही सोबत येतो. व्हिडिओत बहुधा एकच क्रम दिसतो, आणि तो तसाच का, हे क्वचितच सांगितलं जातं.

व्हिडिओ निवडताना तीन गोष्टी तपासा. तो किती जुना आहे (अजून नेटवर्कची ‘आयएफकॉन्फिग’ ही कमांड शिकवत असेल तर सोडा, अनेक लिनक्सांवर ते आता आधीपासून नसतंच, तिथे ‘आयपी’ वापरतात). कोणत्या सिस्टिमवर बनवलाय: लिनक्सच्या सेडमध्ये (मजकुरात बदल करणारी कमांड) फाइलीतच बदल करणारा ‘आय’ ऑप्शन नुसता चालतो, पण मॅकवरच्या सेडला त्याच्यापुढे बॅकअपचं एक्स्टेन्शन लागतंच, रिकामं का होईना. ते दिलं नाही तर सेड तुमच्या सूचनेलाच एक्स्टेन्शन समजतं, फाइलीच्या नावाला सूचना समजतं, आणि भलतीच एरर येते. आणि तिसरं, कमांड खाली मजकुरात दिल्यात का. दिल्या असल्या तरी कॉपी करताना सरळ अवतरणचिन्हं वळलेली तर नाहीत ना, दोन हायफनांचा एक लांब डॅश तर झाला नाही ना, ते बघा. शेलला वळलेली चिन्हं अवतरणं म्हणून कळतच नाहीत.

मॅन पेजचा साचा १९७१च्या युनिक्स मॅन्युअलपासूनचा: नाव, सारांश, वर्णन, शेवटाकडे ‘बग’. (कोणता व्हिडिओ प्रोग्रॅमचे दोष असे स्वतःहून सांगतो?) पण वरून खाली वाचायला गेलात तर हमखास कंटाळाल. आधी सारांश: चौकोनी कंसातलं ऐच्छिक, उभी रेघ म्हणजे यापैकी एक, तीन टिंबं म्हणजे पुन्हा देता येतं. मग शिफ्ट-जी दाबून तळाशी जा, उदाहरणं असलीच तर बहुधा त्याच भागात असतात. हवा तो ऑप्शन शोधायला स्लॅश, मग दोन-तीन स्पेस आणि हायफनसकट नाव; स्पेसमुळे मजकुरातले बरेचसे इतर उल्लेख गळतात. ‘एन’ने पुढचा, ‘क्यू’ने बाहेर.

मॅन पेजच्याही खोडी आहेत. ‘सीडी’ (फोल्डर बदलणारी) ही बॅश या शेलच्या पोटातली कमांड, तिच्यासाठी ‘हेल्प सीडी’ लिहा. क्रॉनटॅब म्हणजे ठरल्या वेळी चालवायच्या कामांची यादी; ‘मॅन क्रॉनटॅब’ने कमांडची माहिती येते, वेळेचे पाच रकाने हवे असतील तर मध्ये ५ घाला. ग्नू प्रकल्पाच्या छोट्या कमांडांचं मॅन पेज बरेचदा नुसती ऑप्शनांची यादी असते, सविस्तर मजकूर ‘इन्फो’ या कमांडने सापडतो. आणि उदाहरणं खरंच कमी पडतात. तेवढ्यापुरतं टीएलडीआर (कमांडांच्या छोट्या उदाहरणांचा संग्रह) बरं.

या दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर आस्कीनेमाची रेकॉर्डिंग बघा. त्यात चित्र नसून टर्मिनलचा मजकूरच साठवलेला असतो: कमांड टाइप होताना दिसते, थांबवून ती तशीच कॉपीही करता येते.